आर्सेनिकवर जगणारा जीवाणू: संशोधनाची बातमी लिहिणाऱ्याने काय तपासायला हवं?

चकोर

सायन्स या साप्ताहिकाने २४ जुलै २०२५ रोजी जवळपास पंधरा वर्षांपूर्वीचा एक शोधनिबंध मागे घेतला. कॅलिफोर्नियात मोनो लेक नावाचं खारं तळं आहे. तिथल्या गाळातून वाढवलेला जीएफएजे-१ हा जीवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून वाढतो आणि ते आर्सेनिक त्याच्या डीएनएच्या सांगाड्यात जाऊन बसतं, असा त्या निबंधाचा दावा होता. आपल्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक सजीवाला फॉस्फरस लागतो. दावा खरा निघता तर जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून दुरुस्त करावं लागलं असतं.

२०१० मध्ये ही बातमी मराठी वृत्तपत्रांत ठळक मथळ्याने वाचल्याचं मला आठवतं. निबंध मागे घेतल्याची बातमी मात्र माझ्या तरी वाचनात आली नाही. म्हणून आधी सगळा घटनाक्रम सांगतो.

२९ नोव्हेंबर २०१० ला नासाने पत्रकारांना कळवलं की २ डिसेंबरला पत्रकार परिषद आहे आणि तीत परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारं संशोधन जाहीर होईल. मोठी नियतकालिकं काही पत्रकारांना निबंध आधी देतात, पण ठरलेल्या वेळेपूर्वी छापायचं नाही या अटीवर. त्यामुळे ज्यांच्याकडे निबंध होता त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे फक्त नासाचं निमंत्रण होतं ते तर्क लढवत बसले. शनीच्या टायटन या चंद्रावर जीव सापडले असावेत, इथपर्यंत मजल गेली. प्रत्यक्षात परग्रहाशी संबंध एवढाच, की पृथ्वीवर असा जीव असेल तर अन्यत्र शोधताना आपली नजर बदलावी लागेल.

२ डिसेंबरला निबंध बाहेर आला आणि ४ तारखेला रोझी रेडफिल्ड यांनी आपल्या ब्लॉगवर त्याची चिरफाड केली. त्या व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांचे आक्षेप अगदी प्रयोगशाळेच्या ओट्यावरचे होते. ज्या द्रावणात जीवाणू वाढवले त्यातल्या क्षारांबरोबर थोडं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच संयुग, आलेलंच होतं. निबंधातलेच आकडे घेऊन हिशेब केला, तर जी काही वाढ दिसली तिला तेवढं फॉस्फेट पुरेसं होतं. शिवाय डीएनए पुरेसा शुद्ध केलेला नव्हता, त्यामुळे मोजलेलं आर्सेनिक त्याच्या आतलं की बाहेर चिकटलेलं, हे सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात विज्ञानलेखक कार्ल झिमर यांनी निबंधाशी संबंध नसलेल्या डझनभर तज्ज्ञांना त्यांचं मत विचारलं. जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच होता, पुरावा दाव्याला पेलत नाही. नासाची आणि निबंधाच्या लेखकांची भूमिका तेव्हा अशी होती की ब्लॉगवरच्या टीकेला उत्तर देणार नाही, चर्चा समीक्षा होऊनच, म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांनी तपासल्यावरच, व्हावी. पुढे जून २०११ च्या छापील अंकात त्या निबंधाबरोबर आठ आक्षेप प्रसिद्ध झाले. रेडफिल्ड यांनी तो जीवाणू मागवून प्रयोग करायला घेतले आणि त्यातला टप्पा न टप्पा ब्लॉगवर उघड लिहीत राहिल्या. जुलै २०१२ मध्ये दोन निबंध आले, एक रेडफिल्ड आणि प्रिन्स्टनच्या सहकाऱ्यांचा, दुसरा झ्युरिकच्या गटाचा. डीएनएत आर्सेनिक बसल्याचा पुरावा नाही, आणि फॉस्फेटशिवाय हा जीवाणू वाढत नाही.

मला यात झिमर यांनी काय केलं ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी माणसं शोधली आणि विचारलं. हे पुण्यात, नागपुरात, पणजीत बसूनही करता येतं. तरी मराठीतला संशोधनावरचा लेख उघडा: संशोधकाचं विधान असतं, संस्थेचं नाव असतं, भविष्यात काय काय होईल ते असतं, पण त्या संशोधनात सहभागी नसलेल्या एकाही माणसाचं मत बहुधा नसतं. सोपी भाषा, चांगली चित्रं, ओघवती शैली हे सगळं हवंच. पण त्याआधी ‘कशावरून म्हणता?’ हा प्रश्न लिहिणाऱ्याने वाचकाच्या वतीने विचारलेला असला पाहिजे. तो विचारलेला नसेल, तर लेखक फक्त संस्थेचं प्रसिद्धिपत्रक सुंदर अक्षरात उतरवून देतो.

इथे संशोधन करणारे, लिहिणारे, शिकवणारे बरेच आहेत. तुमचं मत वाचायला आवडेल.

पेट्रीडिश

उत्तम धागा. मी याच क्षेत्रातली, म्हणून रसायनाची बाजू थोडी मांडते.

कल्पना वेडगळ नव्हती हे आधी सांगायला हवं. आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या थेट खाली बसतं. दोघांचं रसायन इतकं सारखं, की पेशी आर्सेनेटला, म्हणजे आर्सेनिकच्या तशाच संयुगाला, फॉस्फेट समजून आत घेते आणि तिचा ऊर्जेचा कारभार बिघडतो. आर्सेनिक विषारी असण्याचं हे एक कारण.

अडचण पाण्याची आहे. डीएनएमधला फॉस्फेटचा बंध पाण्यात इतका टिकतो की २५ अंश सेल्सियसला त्यातले निम्मे बंध तुटायला सुमारे ३ कोटी वर्षं लागतील. तशाच आर्सेनेटच्या बंधाचा अंदाज आहे ०.०६ सेकंद. म्हणजे डीएनएत खरोखर आर्सेनिक असतं, तर पेशीतून काढून पाण्याशी संबंध आला की त्याचा चुरा व्हायला हवा होता. निबंधातल्या चित्रात तर तो चांगला लांबलचक दिसत होता. हा मुद्दासुद्धा हार्वर्डमधल्या एका भूरसायनशास्त्रज्ञाने पहिल्याच आठवड्यात ब्लॉगवर मांडला होता. निबंधात छापलेलं चित्रच निबंधाच्या दाव्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि ते समीक्षकांच्या नजरेतून सुटलं!

शुद्धीकरणाचा मुद्दा तर कुणालाही समजेल असा आहे. डाळ न धुता शिजवली आणि दाताखाली माती आली, तर माती डाळीच्या दाण्यात होती असं आपण म्हणत नाही.

आणखी एक. याच जीवाणूची खरी गोष्ट फार देखणी आहे आणि ती जवळपास कुणीच लिहिली नाही. २०१२ मध्येच इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने दाखवलं की फॉस्फेट पकडणारी याची प्रथिनं, भोवती आर्सेनेटचा महापूर असतानाही, हजारो पटींनी फॉस्फेटचीच निवड करतात. रेणूतल्या एका हायड्रोजन बंधाच्या कोनावरून त्यांना दोघांतला फरक कळतो. विषाने भरलेल्या तळ्यात हा जीव आर्सेनिक खाऊन जगत नव्हता, कणभर फॉस्फेट वेचून जगत होता. मला तर हे मूळ दाव्याहून जास्त थक्क करणारं वाटतं.

शिरीष_सांगली

लेख आवडला, पण दुसरी बाजूही नोंदवतो.

मुख्य लेखिका फेलिसा वुल्फ-सायमन तेव्हा कारकिर्दीच्या सुरुवातीला होत्या. निबंधावर १२ जणांची नावं होती, त्यांत अनुभवी, नावाजलेले लोक होते. पत्रकार परिषद नासाने भरवली. निबंध सायन्सच्या समीक्षकांनी पास केला. पण रोष आला तो मुख्यतः त्या एकट्या बाईंवर, आणि त्यातला बराचसा संशोधनावर नव्हे तर व्यक्तीवर होता. ज्यांना द्रावण आणि डीएनए यातलं काही कळत नव्हतं त्यांनीही हात धुऊन घेतले. वर त्यांनी तो जीवाणू टीकाकारांना तपासायला उपलब्ध करून दिला, हे कितीजण सांगतात?

आणि मागे घेण्याबद्दल. सायन्सने स्वतः म्हटलंय की यात लबाडीचा आरोप नाही. लेखकांनी निर्णयाला विरोध केला आहे. प्रामाणिकपणे केलेलं पण चुकीचं ठरलेलं संशोधन मागे घ्यायचं ठरलं, तर विज्ञानाच्या इतिहासातली अर्धी कपाटं रिकामी होतील. खंडन २०१२ मध्ये झालंच होतं, ते पुरेसं होतं असं माझं मत.

चकोर

शिरीष, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. रेडफिल्ड यांची पहिली नोंदही भाषेने तिखटच होती. पण त्या नोंदीत प्रत्येक आक्षेपाला आकडा होता, आणि पुढे त्यांनी स्वतः प्रयोग करून दाखवला. टीका कशी असावी याचं माप मी त्यावरून घेतो: समोरच्याला प्रयोगशाळेत जाऊन तपासता येईल असं काही तिच्यात आहे का? नसेल तर ती टीका छापू नये, कितीही टाळ्या मिळणार असल्या तरी.

मागे घेण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तज्ज्ञाला २०१२ चं खंडन माहीत असतं. पण एखादी अकरावीतली मुलगी शोधत शोधत मूळ निबंधापर्यंत पोचली, तर तिला त्या पानावरच कळायला हवं की याचा निष्कर्ष टिकलेला नाही. यात बदनामी असायचं कारण नाही. ‘लबाडी नाही, निष्कर्षाला आधार नाही’ एवढं स्पष्ट लिहिण्याची सोय हवी, आणि बातमी लिहिणाऱ्यांनीही हा फरक पाळायला हवा.

वऱ्हाडी_पक्षीमित्र

मोनो लेकचं वाचून आमचं लोणार आठवणं साहजिक आहे. दोन्ही खारी, दोन्ही अल्कधर्मी. फरक असा की लोणार हे बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरी, आणि फोटो जगभर फिरले. मग जो तो कारण सांगू लागला. कुणी म्हणे प्रदूषण, कुणी म्हणे किरणोत्सार, कुणी म्हणे दैवी संकेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना खरंच धास्ती वाटत होती.

वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाठवले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही होतं. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी जे सांगितलं ते मला आजही नमुनेदार वाटतं. आधी आम्हाला ड्युनालिएला या शैवालामुळे रंग आला असेल असं वाटलं, पण नमुने तपासल्यावर हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची संख्या प्रचंड आढळली, गुलाबी रंगद्रव्य त्यांचं. पाऊस कमी, वापर आणि ढवळणं कमी, बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी घटलं आणि खारटपणा वाढला. नमुना स्थिर ठेवला की ते जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं, म्हणजे रंग कायमचा नाही.

बघा, यात ‘आधी आम्हाला असं वाटलं’ हे आहे, तो तर्क कशामुळे सोडला ते आहे, आणि कुणालाही डोळ्यांनी पाहता येईल अशी खूण आहे. पुढे पावसाने पाणी वाढलं आणि रंग गेला. पण बहुतेक बातम्यांत यातलं एकच वाक्य आलं, ‘जीवाणूंमुळे रंग बदलला’. मधला सगळा प्रवास कापला. चकोर म्हणतात तो ‘कशावरून’ शास्त्रज्ञांनी आपण होऊन दिला होता, आणि लिहिणाऱ्यांनी तो टाकून दिला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण गावात जाऊन समजावताना मला तोच भाग कामाला आला. बाटलीत पाणी घेऊन ठेवा आणि बघा, एवढं सांगितलं की माणसं ऐकत होती.

डॉ_रेवती

आरोग्याच्या बातम्यांत हा प्रश्न रोज माझ्या टेबलावर येतो. पेशंट कात्रण किंवा मोबाईल घेऊनच येतात.

२६ ऑक्टोबर २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात. लगेच मथळे झाले, सॉसेज सिगारेटइतकंच घातक! पण ते गट पुरावा किती पक्का आहे यावरून पाडतात, धोका किती मोठा यावरून नाही. दोन्हींचा पुरावा पक्का आहे, धोक्याच्या आकारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा आकडा होता १८ टक्के. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. पेशंटला वाटतं, शंभरातल्या अठरा जणांना होणार. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात हा कर्करोग होण्याची शक्यता ढोबळमानाने १०० पैकी ६ आहे. ६ च्या १८ टक्के म्हणजे साधारण १. म्हणजे ६ चे ७ होतात. आपल्याकडे मुळातला आकडा त्याहून बराच कमी आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापायला एक ओळ लागते.

फक्त पत्रकारांना दोष देऊ नका, एवढीच माझी विनंती. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफच्या गटाचा अभ्यास आला होता. त्यांनी ब्रिटनच्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली. ४० टक्क्यांत निबंधात नसलेला थेट सल्ला होता, ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला कारण ठरवलं होतं, ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला ओढूनताणून लावले होते. या शेवटच्या प्रकारात, पत्रकात अतिशयोक्ती असेल तर ८६ टक्के बातम्यांत ती उतरली होती. पत्रकात नसेल तर फक्त १० टक्के बातम्यांत. पत्रकं शास्त्रज्ञांच्या संमतीनेच निघतात. म्हणजे फुगा फुगवायला सुरुवात आमच्याच घरात होते.

रात्रपाळी

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे, नाव सांगत नाही. डॉ. रेवतींचे आभार, कारण आमची बाजू क्वचितच कुणी समजून घेतं.

संशोधनाची बातमी आमच्याकडे वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत येते, संध्याकाळनंतर. तीनशे शब्दांची असते, आम्हाला दीडशे लागतात. ज्याला ती भाषांतराला मिळते त्याच्याकडे त्याच वेळी अपघात, निवडणूक आणि बाजारभाव असतात. कापताना शेवटून कापायची सवय आणि ‘हा प्रयोग उंदरांवर झाला’ हे वाक्य नेमकं शेवटच्या परिच्छेदात असतं. २०१९ मध्ये जेम्स हेदर्स या संशोधकाने ट्विटरवर एक खातं काढलं होतं. अशा बातम्या पुढे पाठवायच्या आणि सोबत लिहायचं, ‘उंदरांत’. ते बघितल्यापासून मी स्वतःपुरता एक नियम केला: प्रयोग कुणावर झाला ते पहिल्या दोन ओळींत आणायचंच. जागा कमी असेल तर ‘क्रांतिकारी’ आणि ‘लवकरच औषध’ हे कापायचं.

बाहेरचा तज्ज्ञ विचारण्याबद्दल. इच्छा असते, पण रात्री नऊला कुणाला फोन करणार? विद्यापीठाच्या विभागात फोन केला तर परवानगी लागते म्हणतात. जे दोन-तीन प्राध्यापक फोन उचलतात त्यांना प्रत्येक विषयावर विचारलं जातं, हेही बरोबर नाही. मराठीत बोलायला तयार असलेल्या, आपापला विषय जाणणाऱ्या लोकांची यादी प्रत्येक संस्थेने जाहीर केली, तर आमचं निम्मं काम सोपं होईल. इथले संशोधक हे मनावर घेतील का?

पेट्रीडिश

रात्रपाळी, माझं नाव सूक्ष्मजीवशास्त्रासाठी लिहून घ्या. खासगी संदेशात नंबर पाठवते. रात्री अकरापर्यंत फोन केलेला चालेल.

नील_डोंबिवली

डॉक्टर, एक प्रश्न. कॉफी चांगली, कॉफी वाईट, अंडं चांगलं, अंडं वाईट. आहाराच्या बातम्या अशा उलटसुलट का असतात? माझ्या आईने तर आता कुठल्याच बातमीवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय, आणि त्या रागात ती डॉक्टरांनी सांगितलेलंही ऐकेनाशी झाली आहे.

डॉ_रेवती

नील, आईंचा त्रागा समजू शकते. याचं एक कारण जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने २०१५ मध्ये मुद्दाम करून दाखवलं होतं. जर्मनीत त्यांनी पंधरा-सोळा माणसं गोळा केली आणि तीन गट पाडले. एक नेहमीचं खाणारा, एक कमी कर्बोदकं खाणारा, आणि एक कमी कर्बोदकांसोबत रोज चॉकलेट खाणारा. तीन आठवडे वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टी मोजल्या. चॉकलेटवाल्यांचं वजन थोडं लवकर उतरलेलं दिसलं. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकात निबंध आला, आणि ‘चॉकलेटने वजन उतरतं’ ही बातमी अनेक देशांत झळकली. जर्मनीच्या बिल्ड या दैनिकात तर पहिल्या पानावर.

गोम १८ या आकड्यात आहे. एका मोजमापात निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरतात. १८ गोष्टी मोजल्या की त्यांपैकी निदान एकीत असा फरक दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. मग जी लागली तिच्यावर निबंध लिहायचा. इतकी कमी माणसं आणि इतकी मोजमापं असली की काहीतरी सापडणारच.

बातम्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘किती माणसं होती?’ एवढंही विचारलं नव्हतं. आईंना म्हणावं, बातमीत माणसांचा आकडा नसेल तर ती बातमी खुशाल सोडून द्या. पण रक्तदाबाची गोळी मात्र चालू ठेवा, तिच्यामागे हजारो माणसांवरच्या अनेक चाचण्या आहेत.

हायडेलबर्गकर

समीक्षा न झालेल्या निबंधांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जुलै २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी अर्काइव्ह या खुल्या संग्रहात निबंध टाकला. सोन्यात बसवलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांत उणे ३७ अंश सेल्सियसला अतिवाहकता, म्हणजे वीज जराही अडथळ्याशिवाय वाहणं, आढळली, साध्या वातावरणीय दाबाला, असा दावा होता. खरं ठरतं तर नोबेल लांब नव्हतं. काही दिवसांत एमआयटीतल्या ब्रायन स्किनर या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की दोन वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांतल्या मोजमापांतला गोंगाट, म्हणजे ती बारीक अनियमित थरथर, अगदी जशीच्या तशी आहे, फक्त थोडी खाली सरकलेली. गोंगाट यादृच्छिक असतो, दोनदा हुबेहूब तसाच येणं फार चमत्कारिक. त्याने हे सार्वजनिकरीत्या, अतिशय सभ्य शब्दांत मांडलं आणि कुणावर आरोप केला नाही. लेखकांनी २०१९ मध्ये आणखी सहकारी घेऊन विस्तारित निबंध दिला. दावा सर्वमान्य झालेला नाही.

इथे काही विज्ञान पत्रकारांनी फार चांगलं काम केलं. आलेख छापला, गोंगाट म्हणजे काय ते वाचकाला समजावलं आणि निर्णय वाचकावर सोडला. बाकी ठिकाणी मात्र ‘भारतीय शास्त्रज्ञांची झेप’ नाहीतर ‘भारतीय शास्त्रज्ञांचा घोटाळा’ असे दोनच मथळे. आपल्या संस्थेचं, आपल्या देशाचं नाव आलं की लिहिणाऱ्याचा हात सर्वांत जास्त थरथरतो. मला वाटतं अशा वेळी ‘कशावरून’ विचारण्याची गरज दुप्पट असते. शिरीष यांनी टीकेच्या भाषेचा मुद्दा काढला, त्याला स्किनर हे चांगलं उत्तर आहे.

गुरुजी_आटपाडी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. इतकं वाचल्यावर राहवलं नाही.

आपल्याकडे हे करणारी माणसं होऊन गेली आहेत. जयंत नारळीकर सर मुलांनी सही मागितली की सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मूल सही घ्यायला जायचं आणि प्रश्न शोधायला लागायचं.

त्यांचंच आणखी एक काम मी दरवर्षी नववीला सांगतो. फलज्योतिषाला नुसती नावं न ठेवता त्यांनी सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या, नावं झाकलेल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या, कुठली कुठल्या गटातली ते ओळखायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती. २००९ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. वर्गात मी उत्तर आधी सांगत नाही. चाचणी कशी घ्याल, नावं का झाकायची, दोन्ही गट सारखेच का, हे मुलांकडून काढून घेतो. अर्धा तास वर्ग नुसता पेटलेला असतो. एका मुलीने विचारलं होतं, ‘सर, ज्यांनी उत्तरं पाठवलीच नाहीत ते सगळे अचूक सांगणारे असले तर?’ पुस्तकात नाही असा प्रश्न, आणि अगदी योग्य.

माझी अडचण साहित्याची आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, तिच्या मासिकाचा मला आधार असतो. पण गेल्या पाच-दहा वर्षांतलं संशोधन, आकडे आणि आलेखांसह, मुलांना वाचता येईल अशा मराठीत फार थोडं मिळतं. मुंबईत पृथ्वी थिएटरला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम करतात असं वाचलंय. तसं काही तालुक्याच्या गावी येईल का?

वऱ्हाडी_पक्षीमित्र

गुरुजी, लोणारच्या पाण्याचा तो बाटलीचा प्रकार मी फोटोंसकट लिहून देतो. वर्गात वाचायला दोन पानं होतील. आलेख मात्र कुणी काढून द्या.

हायडेलबर्गकर

आलेख मी काढतो. स्किनरने दाखवलेल्या गोंगाटाचाही सोपा नमुना तयार करता येईल. दोन रांगा आकडे द्यायचे आणि मुलांनाच सारखेपणा शोधायला लावायचा. डिसेंबरात गावी येणार आहे, आटपाडीला यायला आवडेल.

चकोर

हे सगळं वाचून फार बरं वाटलं. रात्रपाळी, तुमच्या यादीसाठी वेगळा धागा काढतो. विषय, बोलायची वेळ आणि भाषा एवढंच लिहायचं, नंबर खासगीत. पेट्रीडिश, तुमच्या त्या फॉस्फेट वेचणाऱ्या प्रथिनांवर स्वतंत्र लेख हवा आहे, टाळाटाळ चालणार नाही.

रात्रपाळी

चकोर, एक शेवटचं विचारतो. जुना निबंध मागे घेतलाय का, हे मला रात्री दोन मिनिटांत कसं कळेल?

पेट्रीडिश

रिट्रॅक्शन वॉच नावाचा ब्लॉग आहे. आयव्हन ओरान्स्की आणि ॲडम मार्कस या दोन पत्रकारांनी २०१० मध्ये सुरू केला, आर्सेनिकचा निबंध आला त्याच वर्षी. मागे घेतलेल्या निबंधांची त्यांची सूची २०२३ पासून क्रॉसरेफ या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना मोफत खुली आहे. निबंधाचं शीर्षक किंवा लेखकाचं नाव टाकलं की मागे घेतला असल्यास तारीख आणि कारण दोन्ही दिसतात. कारणाचा रकाना नक्की वाचा. लबाडी, नकळत झालेली चूक आणि निष्कर्षाला आधार नसणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिरीष म्हणतात तो अन्याय तिथेच टाळता येतो. सुरुवातीला अडलात तर फोन करा, एकदा सोबत बसून बघू.